दुर्पताबाईचं मीटर

दुर्पताबाईनं मला पहिल्यांदा पाणी दिलं, त्याआधी माझं ओळखपत्र मागितलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं ते कार्ड हातभर लांब धरलं, एकदा फोटो बघितला, एकदा माझं तोंड बघितलं आणि म्हणाली, "फोटोत कान मोठे दिसून राह्यले."

"मावशी, तवा केस बारीक कापलेले."

"कापले असतीन," ती म्हणाली आणि कार्ड परत न देता कमरेला खोचलं. मग पाण्याचा गडवा पुढं केला. माझं पाणी पिऊन होईपर्यंत ती माझ्या कानांकडंच बघत होती.

मी कोल्हापूर जिल्ह्यातला, आजऱ्याकडचा. शाळा आठवीत सुटली. ज्या ठेकेदाराकडं कामाला लागलो त्यानं वीज बचतीच्या सरकारी योजनेतलं काम घेतलं आणि आम्हा चौघांना उचलून थेट यवतमाळ जिल्ह्यात आणलं. नेरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा माझ्या वरच्या खिशात घरचा पत्ता लिहिलेला कागद होता. मेलो-बिलो तर कुणीतरी कळवावं म्हणून. इतका मी घाबरट. चौघांनी गावं वाटून घेतली. माझ्या वाट्याला नेरपासून आठ-नऊ किलोमीटरवरचं एक गाव पहिलं आलं. त्या गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. तिथल्या विजेच्या तारांवर तेव्हा जे होतं ते आता नसेलही, पण नाव लिहिलेलं दुर्पताबाईला आवडलं नसतं.

काम सोपं होतं. घरातला जुना, पिवळ्या उजेडाचा, चालू असलेला बल्ब द्यायचा आणि त्याच्या जागी नवा पांढऱ्या उजेडाचा घ्यायचा. नळी मुरगळलेली असायची म्हणून लोक त्याला जिलबीचा बल्ब म्हणत. पैसे नाहीत. उजेड तेवढाच आणि वीज पाव हिश्शानं. मी हे पाठ केलेलं सगळीकडं घडाघडा म्हणत होतो, आणि 'पैसे नाहीत' म्हटलं की समोरच्याच्या कपाळावर आठ्या पडत होत्या.

त्यांचंही चुकत नव्हतं. कापसानं त्या भागाला दोन-तीन वर्षं फार वाईट दिवस दाखवलेले. त्यामुळं गावात रोज कोणीतरी जीप घेऊन यायचं. कोणी पाहणीला, कोणी फोटोला, कोणी नुसतं घरात माणसं किती, ढोरं किती विचारायला. सगळ्यांच्या हातात रजिस्टर. पारावर पानटपरी चालवणारा बंडूभाऊ मला पहिल्याच दिवशी म्हणाला, "जो येते थो लिवून नेते, भाऊ. आणत कोणीच नाई. तुम्ही आणून राह्यले म्हंता, मंग तं जास्तच भेव वाटते."

कोणी म्हणायचं, त्या बल्बच्या पांढऱ्या बुडात मशीन आहे, घरात दिवे किती ते हाफिसात दिसतं. कोणी म्हणायचं, त्याच्या उजेडानं डोळे जातात. खरी भीती वेगळी होती. अर्ध्या गावात मीटर नव्हतं आणि उजेड मात्र होता. तारेवर आकडा टाकून वीज घ्यायची रीत. घराघरांत शिरून बल्ब मोजणारा माणूस त्यांना कसा आवडावा?

दुर्पताबाई गावाच्या दक्षिणेच्या अंगाला, बौद्धपुऱ्यात राहायची. साठीच्या आतबाहेर, उंच, काटकुळी, पाठीत ताठ. चष्म्याची एक काडी तुटलेली होती, तिथं दोरा बांधून तो कानाला अडकवलेला. एकटीच राहायची. दोन एकर शेत स्वतः बघायची. घराला लागून एक रिकामी खोली होती. पाणी पाजून झाल्यावर ती म्हणाली, "इथंच राह्य."

मला गहिवरूनच आलं. परक्या गावात, ओळख ना पाळख. मी तिच्या पाया पडायला वाकलो तर ती मागं सरकली.

"पाया कायले पडतं? गावात फिरणारा माणूस कोठं झोपते थे मले ठावं पाह्यजे. म्हणून ठेवून राह्यली."

पुढचे चार महिने मी त्या खोलीत काढले, आजूबाजूची गावंही तिथूनच केली. तिनं माझं कार्ड तिसऱ्या दिवशी परत दिलं.

तिचा संशय मात्र कुचक्या माणसाचा नव्हता. कोणाच्या पाठीमागं ती कधी काही बोलली नाही. जे काय असेल ते समोर, दिवसाउजेडी आणि हातात घेऊन. दुकानातून काडेपेटी आणली की ती तिथंच पायरीवर बसून काड्या मोजायची. आठवडी बाजारात कांदे घ्यायच्या आधी ताजव्याची दोन्ही पारडी रिकामी उचलून दाखवायला लावायची. दुकानदार चिडायचे. "म्या काय चोर हाव का बाई?" म्हणायचे. तिचं उत्तर ठरलेलं. "मी चोट्टा नाई म्हणत. मी पाहून राह्यली."

हे कधीपासून, असं मी एकदा भीत भीत विचारलं. तिनं चुलीवरची भाकर उलटली आणि सांगितलं. एका वर्षी तिनं कपाशीचं बियाणं घेतलं. पाकीट चकचकीत, वर पांढऱ्याशुभ्र बोंडांचं चित्र, सीलबंद. शेजारच्या सगळ्यांनी घेतलं म्हणून तिनंही घेतलं. उगवलं निम्मं. जे उगवलं त्याला बोंडं धरली नाहीत. तालुक्याला तक्रार केली तर साहेब म्हणाला, पाकीट फोडायच्या आधी बघायला पाहिजे होतं.

"म्या म्हटलं, पाकीट न फोडता बी कसं पाह्याचं? तं थो म्हणे, थे मले ठावं नाई." तिनं भाकर काढून माझ्या ताटात टाकली. "तवापासून मी पाह्यते. पाकिटावरचं चित्र उगवत नसते, बापू."

तिच्या घरी मीटर होतं. त्या अंगाला हक्काचं मीटर फक्त तिचंच. मला वाटलं, ही सरळ बाई, म्हणून. तसं विचारलं तर ती हसली. ती हसलेली मी फार कमी वेळा पाहिली.

"सरय कायची? आकडा टाकला का मंग तक्रार करता येत नाई. मले तक्रारीबिगर जमत नाई."

आणि तक्रार ती करायची. मीटरवरचे आकडे तिला वाचता यायचे नाहीत, पण चित्र काढल्यासारखे उतरवता यायचे. दर महिन्याला त्याच तारखेला ती कोळशानं भिंतीवर ते उतरवून ठेवायची. एकदा काहीतरी भलतंच बिल आलं, तेव्हा तिनं लाइट हाफिसातल्या माणसाला घरी आणून भिंतीपुढं उभं केलं होतं म्हणे. भिंत नेता येत नव्हती म्हणून माणूस आणला.

तर आमचा बल्ब. मी राहायला येऊन आठवडा झाला आणि एकही बल्ब बदलला गेला नव्हता. नेरला आमचा सुपरवायझर बसायचा, त्याचा फोन पारावरच्या एसटीडीवर यायचा. "बाकीच्यांची गावं संपत आली, तुझं खातंच उघडलं नाही. जमत नसेल तर सांग, गाडीत बसवून देतो." घरी परत जायचं तोंड नव्हतं. थोरल्या भावानं ठेकेदाराच्या हातापाया पडून मला लावलेलं. मी दुर्पताबाईपुढं बसलो आणि म्हणालो, "मावशी, तुम्ही एक घ्या. तुम्ही घेतला तर गाव घेईल."

"घेईन नं. पाह्यल्यावर."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला लोडशेडिंग संपून लाइट आली. तिनं घरात होतं नव्हतं ते सगळं बंद केलं आणि मीटरखाली पाट मांडून बसली. जुन्या मीटरमध्ये एक चकती फिरते. तिच्या कडेला काळी खूण असते. वीज जास्त खर्चली की चकती जोरात, कमी खर्चली की हळू. तिनं आधी काहीच न लावता चकतीकडं पाहिलं. मी म्हणालो, "मावशी, काय लावलंच नाही, फिरंल कशी?"

"फिरली तं मीटरच चोट्टं. थे आधी पाह्यले नको?"

चकती हलली नाही. मग तिनं जुना साठचा बल्ब लावला, बुद्धाच्या तसबिरीपुढची उदबत्ती मीटरखाली आणून पेटवली आणि मांडीवर तुरीचे दाणे घेतले. काळी खूण समोरून गेली की एक दाणा ताटलीत. बोलायचं नाही, उठायचं नाही. मला शिंक आली तर तिनं हातानं गप्प केलं. उदबत्ती बुडापर्यंत जळाली तेव्हा ताटलीत अठरा दाणे होते.

मग नवा बल्ब. नवी उदबत्ती. खूण येईच ना. मीच अस्वस्थ झालो. अर्धी उदबत्ती संपली तरी ताटलीत दोनच दाणे. संपली तेव्हा चार, आणि पाचव्याची खूण निम्म्यावर आलेली.

"झालं की वो!" मी ओरडलोच. "अठरा आन् साडेचार!"

तिनं दोन्ही उदबत्त्यांच्या उरलेल्या काड्या उचलून एकमेकींशेजारी धरल्या. "दुसरी आखूड असंन तं?"

दुसऱ्या दिवशी तिनं परत सगळं केलं. ह्या खेपेस दुसऱ्या दुकानातल्या उदबत्त्या, आणि दोन्ही आधी शेजारी धरून पाहिलेल्या. आणि आधी नवा बल्ब, मग जुना. मीटर दुपारचं दमतं का ते बघायला, असं तिचं म्हणणं. दाणे तेवढेच आले.

त्या संध्याकाळी ती पारावर गेली. तिकडं ती सहसा जायची नाही. गेली तरी कडेला उभी राहायची. मी मागं होतो. बंडूभाऊ पान लावत होता. ती म्हणाली, "थो कोल्हापूरवाला खरं बोलून राह्यला. म्या पाह्यलं."

मग बंडूभाऊनं चुना लावायचं थांबवून विचारलं, "बाई, तू म्हणतं?"

"हो. मी म्हणते म्हणून सांग सगयेजणाले."

एवढंच. पण मला नंतर कळलं की दुर्पताबाईनं दुसऱ्या कोणासाठी असा शब्द गावात कधी टाकला नव्हता. पुतण्याच्या सोयरिकीतही ती "पोरगी पाहून घ्या बाप्पा" एवढंच म्हणाली होती. तीन दिवसांत गाव झालं. आकडेवाल्यांनीही बल्ब दिले. मीटर आहे का हे मी विचारायचं नाही, अशी तिची अट होती. तसं आमच्या रजिस्टरात मीटर नंबराचा रकाना होता. तो निम्म्या घरांपुढं मी कोरा ठेवला. ह्या कोऱ्या रकान्यांनी माझी झोप उडवली होती हे खरं, पण तिच्यापुढं बोलायची हिंमत नव्हती.

आठव्या दिवशी बल्ब मरायला लागले.

आधी एक, मग त्याच संध्याकाळी चार. दोन दिवसांत दक्षिणेच्या अंगाचे जवळपास सगळे गेले. लावला की एकदम झगझगीत पेटायचा, बुडापाशी काळा पडायचा, आणि खलास. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धूत होतो तर अंगणात वीस-पंचवीस माणसं. बंडूभाऊ पुढं.

"या कोल्हापूरवाले! आमचे चालू बल्ब नेले अन् जिलब्या देल्ल्या. खाव का आता त्या?"

"नकली हायेत! असली इकले यानं!"

आणि मागून कोणीतरी बाई, "दुर्पताबाईनं पाह्यलं म्हणे! काय पाह्यलं वं बाई? चष्मा तं दोऱ्यावर हाये!"

लोक हसले. दुर्पताबाई दारात उभी होती. ते हसू मला आजही ऐकू येतं. मला कोणी चोर म्हणालं त्याचं इतकं लागलं नाही. चोर म्हणवून घ्यायची माझी निम्मी तयारी नेरच्या स्टँडपासूनच होती. पण तिनं जन्मात एकदा कोणासाठी शब्द टाकला आणि तो असा अंगणात पडला.

ती खाली उतरली. माझ्या खोलीत गेली आणि माझं रजिस्टर, पिशवी आणि चपला घेऊन बाहेर आली. सगळं आपल्या पेटीत घालून कुलूप लावलं.

"पक्कं होईपर्यंत हा इथून हालत नाई," तिनं लोकांना सांगितलं. "बल्ब फेकू नोका. मले आणून द्या सगये."

लोक गेल्यावर मी म्हणालो, "मावशी, मी काय केलं नाही. आईची शपथ."

"शपथ नको घेऊ. तुह्या मायनं काय केलं?" ती म्हणाली. "तू केलं असंन बी, नसंन बी. मी पाहून राह्यली."

दुपारी तिनं मला ताट वाढलं. मी जेवायला तयार होईना. ती समोर उभी राहिली. "संशय अलग, जेवण अलग. खाय." त्या दिवशी वांग्याच्या भाजीवर तिनं तेल जरा जास्तच सोडलं होतं. पण पेटीची किल्ली कमरेलाच होती.

मग ती घरोघर फिरायला लागली. फक्त आपल्या अंगाला नाही, अख्ख्या गावात. वरच्या अंगाची काही घरं अशी होती की तिथं तिला ओसरीच्या पुढं कोणी बोलवायचं नाही. ती अंगणातच उभी राहायची आणि विचारायची, "तुमचा गेला का? कवा गेला? जायच्या आधी कसा दिसे?" मेलेला बल्ब घेतला की जुन्या लुगड्याची चिंधी त्याला बांधायची. ज्या खांबावरून त्या घराला तार गेली असेल त्या खांबाची एक चिंधी. हिरवी, तांबडी, पिवळी, काठाची. लिहिता येत नव्हतं, पण कोणत्या चिंधीचा कोणता खांब हे सांगताना ती एकदाही चुकली नाही.

दोन दिवसांनी तिनं मला हाक मारली. शेणानं सारवलेल्या जमिनीवर तिनं दाणे मांडले होते, घरागणिक एक. मधे एक उलटी वाटी.

"हे डीपी," ती म्हणाली. डीपी म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर. "इकून एक तार निंगते, थे आपल्या अंगाले येते. इकून दुसरी, थे वरच्या अंगाले जाते. आता पाह्य."

वाटीच्या एका बाजूच्या रांगेतले सगळे दाणे काळे होते, मेलेल्या बल्बांसाठी उडदाचे. दुसऱ्या बाजूला सगळी तूर. एकही सरमिसळ नाही.

"तिकून्चा एक बी मेला नाई. पण त्या बाया म्हणते, आमचा मिणमिण जयते, डोये मिचकावते. आपला कसा होता? झगझग. अन् एक सांग. तू वाटत फिरला तवा कसा फिरला?"

"जो बोलवंल त्याच्याकडं. आज हिकडं, उद्या तिकडं."

"अन् खोक्यातून कसे काढले?"

"वरून येतील तसे."

तिनं वाटीवर बोट टेकवलं. "मंग नकली बल्बाले ओय कशी सापडली, एकाच तारेची?"

मला रडायला येत होतं, आणि तिला रडणारे पुरुष आवडत नसत.

त्याच दिवशी सुपरवायझर जीप घेऊन आला. गावातून कोणीतरी फोन केला होता. त्यानं मला बघताच सुरुवात केली. असली बल्ब बाजारात दिलेस, नकली इथं वाटलेस, पोलिसात देतो, रजिस्टर कुठं आहे. कोरे रकाने त्यानं पाहिले असते तर माझं तिथंच संपलं असतं. दुर्पताबाई म्हणाली, "रजिस्टर पेटीत हाये. उद्या हाफिसात आणते. लाइटच्या मोठ्या साहेबासमोर." सुपरवायझर म्हणाला, "तू कोण?" ती म्हणाली, "मी मीटरवाली."

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं नेरला गेलो. तिच्या डोक्यावर टोपलं. टोपल्यात गवतावर मांडलेले चिंध्या बांधलेले बल्ब. कंडक्टर म्हणाला, "काय वं आजी, लगन-बिगन हाये का? झालर कायची?" ती म्हणाली, "मयत हाये. गुमान टिकीट दे."

लाइट हाफिसात एक तरुण इंजिनिअर होता, नवीनच आलेला. सुपरवायझर आमच्या आधीच तिथं बसलेला. तिनं टोपलं टेबलावर ठेवलं आणि एक-एक बल्ब उचलून सुपरवायझरपुढं धरला.

"हा शिक्का तुमचाच नं? हा बी? हा बी? मंग नकली कोणता?"

सुपरवायझर म्हणाला, "शिक्केपण नकली मारतात आजकाल."

"मारते नं. म्या बोगस पाकीट पाह्यलं हाये, मले ठावं हाये." ती इंजिनिअरकडं वळली. "पण साहेब, एक सांगा. चोट्टा माणूस खांब पाहून चोरी करते का? हे सगये एकाच तारेवरचे हायेत. दुसऱ्या तारेवर एक बी मेला नाई, तिकडं उजेडच कमी होते. एकीकडं उतू जाऊन राह्यलं, दुसरीकडं भरत नाई. हे बल्बाचं काम हाये का डीपीचं?"

इंजिनिअर सरळ होऊन बसला. त्यानं तिला परत पहिल्यापासून सांगायला लावलं. चिंध्या हातात घेऊन पाहिल्या. मग म्हणाला, "आजी, जुने बल्ब असताना पण असं व्हायचं का?"

"व्हाचं. महिन्यापासून पिवये बल्ब पांढऱ्यावानी जयत होते."

"मग गावातून कोणी तक्रार का नाही केली?"

हा प्रश्न मीही स्वतःला विचारला होता. तिचं तोंड मी पहिल्यांदा कानकोंडं झालेलं पाहिलं. तक्रार केली असती तर वायरमन आला असता. वायरमन आला असता तर त्यानं वर पाहिलं असतं. एका अंगाचे लोक उजेड जास्त झाला म्हणून गप्प, दुसऱ्या अंगाचे कमी झाला तरी गप्प, आणि दोन्ही अंगं एकमेकांशी त्यावर बोललीच नाहीत. एका आकड्यापायी अख्खं गाव महिनाभर मुकं झालं होतं. आणि तक्रारीशिवाय जिला जमत नव्हतं, तीही गावापायी गप्प राहिली होती.

"राह्यलं," ती म्हणाली. "चुकलं आमचं."

मग लगेच, "तुम्ही उद्या या. पण दोनच्या आधी नोका येऊ. लाइट तवाच येते."

इंजिनिअरनं तिच्याकडं पाहिलं. तो मूर्ख नव्हता. "बरं," तो म्हणाला. "दोन वाजता. सांगून ठेवा गावात."

दुसऱ्या दिवशी दोन वाजता गावातली तार इतकी स्वच्छ होती की मी तशी कधी पाहिली नव्हती. एक कावळा सोडला तर वर काही नव्हतं. वायरमन डीपीवर चढला. अख्खं गाव खाली. वरून तो ओरडला, "साहेब, न्यूट्रलचा जोड जयला! नुसता टेकून हाये!" इंजिनिअरनं लोकांना समजावून सांगितलं, की परतीची तार नीट जोडलेली नसली की विजेचा दाब सगळीकडं सारखा राहत नाही. एका अंगाला जास्त जातो, दुसऱ्याला कमी पडतो. लोकांनी माना हलवल्या. बंडूभाऊ म्हणाला, "म्हणजे बल्ब बरोबर होते?"

"बल्ब बरोबर होते."

लोकांनी दुर्पताबाईकडं पाहिलं. त्या दिवशी अंगणात हसलेली माणसंही तिथं होती. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल. ती वायरमनला म्हणाली, "खालून दिसत नाई. पक्का केला का थो जोड? पुन्हा एकदा हालवून पाह्य."

घरी आल्यावर तिनं पेटी उघडून माझ्या चपला दिल्या. रजिस्टर दिलं. कोऱ्या रकान्यांचं काय करायचं ते विचारायला मी तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "घर क्रमांक लिव. घर तं हाये नं त्याहीचं." सुपरवायझरनं ते तसंच चालवून घेतलं. इंजिनिअरपुढं त्याचं तोंड पडलं होतं, आणि बदली बल्बांची खोकी त्याला स्वतःला आणून द्यावी लागली. माझी नोकरी राहिली. त्यानंतर मी झरीकडच्या जंगलातल्या गावांतही गेलो, मग राज्याबाहेर. आज रायपूरला एका ठेकेदाराचं गोडाऊन सांभाळतो, पोरं शाळेत जातात. त्या चार महिन्यांत ती नसती तर मी नेरहून परतीच्या गाडीत बसलो असतो. ह्यापेक्षा मोठं काही मला त्याबद्दल लिहिता येत नाही.

गाव सोडायच्या आदल्या दिवशी मी धीर करून विचारलं. "मावशी, आता तरी माझ्यावर विश्वास बसला का नाही?"

ती तूर पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला नाही.

"तुह्यावर?" ती म्हणाली. "तुले मी पुरं पाह्यलं. पुरं पाह्यल्यावर इस्वास कायले लागते?"

सकाळी मी निघालो तेव्हा ती घरी नव्हती. बौद्धपुऱ्यात नवीन कोणीतरी आलं होतं म्हणे, बिनधुराच्या चुलीच्या योजनेचा माणूस. मी एसटीत खिडकीजवळ बसलो. गाडी पुऱ्याच्या वळणावर आली तेव्हा ती दिसली. रस्त्याच्या कडेला तो माणूस घामाघूम उभा होता, आजूबाजूला बाया, आणि त्याच्या धुराड्याचा लांब सिमेंटचा पाइप दुर्पताबाईनं दोन्ही हातांनी उचलून डोळ्याला लावला होता. एका टोकाला तिचा चष्मा, दुसरं टोक रस्त्याकडं. मी खिडकीतून हात बाहेर काढून हलवला. "मावशी!" म्हणून हाकही मारली.

पाइप क्षणभर गाडीच्या दिशेला होता. मग तिनं तो खाली घेतला, त्याच्या तोंडात हात घालून आत कोपरापर्यंत चाचपलं आणि त्या माणसाला काहीतरी विचारलं. तो उत्तर देईपर्यंत गाडी वळली.